काँग्रेस म्हणजे गवत नव्हे

साताऱ्यातील आमच्या महाविद्यालयात अमेरिकेची शासनव्यवस्था शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते: संज्ञा मुलांच्या ओळखीच्या असतात, आणि ओळखीच्या असतात म्हणूनच चुकतात. यंदा सत्रपरीक्षेच्या तोंडावर पुन्हा व्याख्या लिहून देण्याऐवजी मी घरी साठलेल्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीच्या कोऱ्या बाजूवर एक संज्ञा लिहिली आणि तिच्याखाली तीन निषिद्ध शब्द. ते न उच्चारता, एका मिनिटात, आपल्या गटाकडून संज्ञा वदवून घ्यायची होती.

पहिलीच चिठ्ठी ‘काँग्रेस’ची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निघाली. ‘संसद’, ‘सभागृह’ आणि ‘पक्ष’ हे शब्द बंद होते. ‘त्याच नावाचे आपल्याकडेही एक आहे,’ असे त्या मुलीने म्हणताच मागच्या बाकावरून ‘गवत!’ असा पुकारा झाला. बांधावर ते उपटून हात खाजवलेल्या मुलांकडून दुसरे काय यावे? मग तिने ४३५ आणि १०० हे दोन आकडे सांगितले, तेव्हा कुठे प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तेवढ्या सदस्यांची तिची दोन सभागृहे गटाला आठवली.

सर्वांत रंगली ती पॉकेट व्हेटोची चिठ्ठी. ‘साहेबांनी अर्जावर सही केली नाही, परतही पाठवला नाही आणि तेवढ्यात कचेरीला सुट्टी लागली,’ असे एका मुलाने सांगितले. इतके नेमके मला वर्षभरात जमले नव्हते. विधेयक हाती आल्यावर राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळतात. त्या मुदतीत काँग्रेसचे अधिवेशन चालू असेल तर सहीवाचूनही कायदा होतो, पण अधिवेशन संपल्यामुळे विधेयक परत पाठवणेच अशक्य झाले तर ते तिथेच संपते. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १११ मध्ये अशी ठरावीक मुदत नाही, म्हणूनच राष्ट्रपती झैलसिंग यांना १९८६ चे टपालविषयक दुरुस्ती विधेयक निर्णयाविना ठेवता आले, हे मी सांगितल्यावर ‘म्हणजे आपल्याकडे सुट्टीचीही गरज नाही,’ असा शेरा त्याच मुलाने मारला.

‘महाभियोग’वर मात्र भांडण झाले. ‘क्लिंटन यांना काढले ते,’ असे सांगून एका गटाने गुण मागितला आणि मी तो नाकारला. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने महाभियोग चालवते, म्हणजे आरोप ठेवते. दोषी ठरवण्यासाठी सिनेटमध्ये उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात, आणि आजवर एकही राष्ट्राध्यक्ष त्या मार्गाने पदावरून गेलेला नाही. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन अवघ्या एका मताने वाचले. ‘महाभियोग झाला’ हे आपण ‘हकालपट्टी झाली’ याच अर्थाने वापरतो, त्यामुळे ही चूक मुलांची एकट्यांची म्हणता येत नाही. निर्वाचक मंडळ, न्यायालयीन पुनर्विलोकन वगैरे चिठ्ठ्या त्यामानाने सुरळीत सुटल्या.

शेवटची ‘फिलिबस्टर’ची, म्हणजे विधेयक अडवण्यासाठी सिनेटमध्ये भाषण लांबवत राहण्याची, होती. एरवी तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला आणि ऊस, एस.टी.चा पास, पोवई नाक्यावरची गर्दी असे सुचेल ते सलग बोलत राहिला. ‘अरे, थांब,’ असे गटातलेच ओरडू लागले, तेव्हा त्याने सहा बोटे दाखवली. सिनेटमध्ये असे भाषण थांबवायला शंभरांपैकी साठ मते लागतात, हे त्याला सांगायचे होते. कोणालाच ओळखता आले नाही आणि मिनिट संपले. गुण द्यावा की नाही, यावर आमचा वाद चालू असतानाच तासाची घंटा झाली.