उणे ३२२ डॉलर ४० सेंट

अलास्काच्या सात रात्रींच्या सफरीचा तो शेवटचा पूर्ण दिवस होता. सिएटलहून निघालेले आमचे जहाज त्या रात्री आठ वाजता कॅनडातील व्हिक्टोरिया बंदराला लागणार होते आणि मध्यरात्री तेथून सुटून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सिएटल गाठणार होते. अशा दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सकाळपासूनच रांग लागते, कारण आठवडाभर खोलीच्या कार्डावर केलेल्या खर्चाची आठवण बहुतेकांना त्याच दिवशी होते. दहाच्या सुमारास त्या रांगेतून एक काका आणि काकू माझ्यासमोर आले. काकांनी खिशातून दोरा गुंडाळलेले खाकी पाकीट काढले, ते माझ्यापुढे ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "यात ३२२ डॉलर आहेत आणि वरचे ४० सेंट सुटे आहेत. मोजून घ्या आणि आमचं खातं निरंक करून द्या."

मी त्यांचा केबिन क्रमांक संगणकात घातला. खात्यावर शिल्लक दिसत होती उणे ३२२.४०, म्हणजे ते दोघे जहाजाचे एक सेंटही देणे लागत नव्हते. उलट जहाजच त्यांचे ३२२ डॉलर ४० सेंट देणे लागत होते. आठवडाभराच्या खर्चाचा रकाना पूर्ण कोरा होता. एक कॉफी नाही, एक फोटो नाही, एक पोस्टकार्डसुद्धा नाही. सात वर्षांच्या नोकरीत इतके कोरे खाते मी पाहिले नव्हते.

मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देशाचे नाव असते. पहिल्या संध्याकाळी काकूंनी तो बिल्ला वाचला आणि थेट मराठीत विचारले, "तुम्ही कोकणातले का हो?" आम्ही पंधरा मिनिटे बोललो. ते दोघे कराडजवळच्या गावचे, काका जिल्हा बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले आणि मुलगी सिएटलजवळ नोकरीला. आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त तिने ही सफर घेऊन दिली होती आणि सुट्टी मिळाली नाही म्हणून स्वतः न येता पिअर ९१ च्या धक्क्यापर्यंत त्यांना पोहोचवून ती परत गेली होती. गावाविषयी, पावसाविषयी, आंब्याविषयी आम्ही सगळे बोललो. तुमच्या खात्यावर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच्या खर्चासाठी आधीच दिलेली रक्कम, जमा आहे आणि ते कसे वापरायचे, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही, कारण ते मुलीने सांगितले असेल असे मी गृहीत धरले. त्या पंधरा मिनिटांतली दोन मिनिटे मी त्यासाठी द्यायला हवी होती, आणि हे मला आजही मनापासून लागते.

काकांनी मग त्यांची डायरी उघडली. त्यात प्रत्येक दिवसाची नोंद होती. जहाजावर पाय ठेवला त्या संध्याकाळी केबिनमधल्या टीव्हीवर खाते पाहिले, तर उणे २००. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या लेखी खात्यापुढे उण्याचे चिन्ह म्हणजे ओव्हरड्राफ्ट, त्यामुळे मुलीकडून काही रक्कम भरायची राहिली असावी आणि सफर संपल्यावर ती तिच्या कार्डावरून कापली जाईल, असा त्यांनी अर्थ लावला. तिला फोन करून विचारले असते तर ते पैसे मागितल्यासारखे झाले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी, जहाज खुल्या समुद्रात असताना, त्यांनी काउंटरवर येऊन स्वतःजवळचे १०० डॉलर रोख भरले. माझ्या सहकाऱ्याने रीतसर पावती दिली. संध्याकाळी पुन्हा टीव्ही पाहिला, तर खाते उणे ३००.

"भरणा केला की थकबाकी वाढते, असं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही," काका म्हणाले. त्यांना वाटले, काही दंड किंवा व्याज लागले असावे. सहाव्या दिवशी जोरदार वाऱ्यामुळे कॅप्टनने केचिकन बंदर वगळले आणि न लागलेल्या बंदराचे शुल्क, माणशी ११ डॉलर २० सेंट, प्रत्येकाच्या खात्यावर परत जमा केले गेले. काकांच्या डायरीत त्या दिवशीची नोंद होती : 'बंदर रद्द. तरी रु. नव्हे, डॉलर २२.४० आकारणी.' त्या रात्री त्यांनी पाकिटातले उरलेले पैसे मोजले आणि ते संपूर्ण रक्कम भरायला सकाळी माझ्यापुढे आले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि सांगितले, "काका, हे खातं जहाजाच्या बाजूने लिहिलेलं आहे. प्रवाशाकडून येणं असेल ती रक्कम आम्ही अधिक मांडतो, आणि प्रवाशाचे पैसे आमच्याकडे असतील तर ते उणे दिसतात." ते क्षणभर आकड्याकडे पाहत राहिले. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे हे तुमच्या वहीतलं उणं आहे, माझ्या नव्हे." मी हो म्हटले. काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला कळले नाही.

त्यांना पूर्ण चित्र सांगणे भाग होते, कारण त्या ३२२.४० मध्ये दोन वेगळ्या जातींचे पैसे होते. काकांनी भरलेले १०० आणि बंदर शुल्काचे २२.४० ही परत मिळण्याजोगी रक्कम होती; सफर संपताना ती त्यांना रोख मिळणार होती. पहिल्या दिवशी दिसलेले २०० मात्र तसे नव्हते. त्यांतले १५० जहाज कंपनीने सवलत म्हणून दिले होते आणि ५० मुलीच्या ट्रॅव्हल एजंटने बुकिंग मिळाल्याबद्दल दिले होते. दोन्ही रकमा परत न मिळणाऱ्या, म्हणजे जहाजावर खर्च झाल्या तर झाल्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी खाते बंद होताच संपल्या. ऑनबोर्ड क्रेडिट मिळाले की ते कोणी दिले आणि ते परत मिळणारे आहे की नाही, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले पाहिजेत, कारण टीव्हीवरच्या एकाच आकड्यात हा फरक दिसत नाही. त्यासाठी काउंटरवरून खात्याचा छापील उतारा घ्यावा लागतो. आमच्या प्रणालीत खर्च प्रथम न परतणाऱ्या रकमेतून वळता होत असे, ही काकांच्या दृष्टीने चांगली गोष्ट होती.

आता माझ्यासमोर दिवसाचे दहा तास होते आणि २०० डॉलर वाचवायचे होते. सर्वांत सोपी वाट आधीच बंद झालेली होती. आमच्या जहाजावर तेव्हा माणशी रोज १६ डॉलर ग्रॅच्युइटी (कर्मचाऱ्यांची बक्षिसी) खात्यावर लागत असे, म्हणजे दोघांची सात दिवसांची २२४ डॉलर. असे क्रेडिट या ग्रॅच्युइटीला चालत होते, त्यामुळे मुलीने काहीच केले नसते तरी ते २०० डॉलर आपोआप वसूल झाले असते. परंतु आईवडिलांवर कसलाही भार पडू नये म्हणून तिने ग्रॅच्युइटी बुकिंगच्या वेळीच भरून टाकली होती. ती उलटवता येईल का, हे मी माझ्या वरिष्ठांना विचारले. पैसे एजंटमार्फत बुकिंगमध्ये भरलेले असल्यामुळे जहाजावरून त्याला हात लावता येत नव्हता. ज्यांच्या सफरीवर क्रेडिट मिळालेले असते, त्यांनी ग्रॅच्युइटी आगाऊ न भरता जहाजावर कापू द्यावी, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. मात्र प्रत्येक कंपनीचा नियम निराळा असल्यामुळे आधी विचारून घ्यावे लागते.

दुसरी वाट सहलींची होती. व्हिक्टोरियाजवळ बुचार्ट गार्डन्स आहे. चुनखडीच्या जुन्या खाणीत जेनी बुचार्ट यांनी फुलवलेली ही बाग उन्हाळ्यात रात्री दिव्यांनी उजळते. काकूंच्या परसात जास्वंदाच्या नऊ जाती आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. कॅनडाचा व्हिसा दोघांकडे होता, कारण त्याशिवाय भारतीय पासपोर्टवर त्यांना सिएटललाच जहाजावर घेतले नसते. मी सहलींच्या काउंटरला फोन लावला. बागेच्या सगळ्या बसगाड्या आदल्या दिवशीच भरल्या होत्या. बंदरावर उतरून बाहेरची गाडी करता आली असती, पण क्रेडिट फक्त जहाजाच्या खात्यातून घेतलेल्या सहलीला चालते, धक्क्यावरच्या टॅक्सीला चालत नाही.

तेव्हाच बोलता बोलता काकांनी सफरीतल्या स्कॅगवे या अलास्कातल्या बंदराचा विषय काढला. तेथून व्हाइट पास अँड युकॉन रूट ही नॅरोगेज रेल्वे निघते. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही गाडी ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८७३ मीटर उंच चढते आणि जहाजाच्या धक्क्यापासूनच सुटते. नेरळ-माथेरानच्या गाडीत बसायला जाण्यासाठी तरुणपणी मुद्दाम रजा काढणारा हा माणूस त्या धक्क्यावर तासभर उभा राहून गाडी चढताना पाहत होता आणि मग केबिनमध्ये परत आला होता, कारण आधीच उणे असलेल्या खात्यावर आणखी बोजा टाकायचा नव्हता. २०० डॉलर आणि त्यांनीच भरलेले १०० मिळून दोघांची तिकिटे झाली असती. हे ऐकल्यावर मला काही वेळ बोलताच आले नाही. पैसे वाया जाण्यापेक्षाही ती गाडी आधीच हुकली होती हे मोठे होते, आणि ते भरून देण्यासारखे माझ्या हातात काही नव्हते.

मागे रांग वाढत होती. लगेच मागे उभे असलेले अमेरिकन गृहस्थ स्वतःच्या क्रेडिटसाठी आले होते. कार्निव्हल कॉर्पोरेशन किंवा रॉयल कॅरिबियन ग्रुप यांसारख्या जहाज कंपन्यांचे किमान १०० शेअर ज्याच्या नावावर आहेत, त्याला त्या कंपनीच्या सात रात्रींच्या सफरीवर १०० डॉलर क्रेडिट मिळत आले आहे, पण त्यासाठी शेअर असल्याचा पुरावा जोडून सफरीआधी अर्ज करावा लागतो. या गृहस्थांचा अर्ज राहिला होता आणि जहाजावरून तो करता येत नव्हता. त्यांना मी तसे सांगितले, वरिष्ठांना काउंटर सांभाळण्याची विनंती केली आणि काका-काकूंबरोबर बाहेर आलो.

"काकू, तुम्हाला काय घ्यावंसं वाटतं?" असे मी विचारले. त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. त्या मला पाचव्या मजल्यावरच्या फोटो गॅलरीत घेऊन गेल्या आणि एका फलकासमोर उभ्या राहिल्या. औपचारिक भोजनाच्या रात्री जहाजाच्या छायाचित्रकाराने दोघांचा फोटो काढला होता. काकू पैठणीत आणि काका मुलीने घेतलेल्या कोटात. त्या रोज दुपारी येऊन तो फोटो पाहून जात होत्या. लग्नात फोटो काढायला पैसे नव्हते, त्यामुळे दोघांचा एकत्र असा हा पहिलाच नीट फोटो, असे त्या म्हणाल्या. फोटो एका प्रतीला २४ डॉलर ९५ सेंट. बाहेर कोणी एवढी किंमत देणार नाही, हे मलाही मान्य आहे, पण जे पैसे दुसऱ्या दिवशी नाहीसेच होणार होते त्यांच्यासाठी तो भाव पाहायचे कारण नव्हते. मी चार प्रती घ्यायला सांगितल्या : एक त्यांना, एक मुलीला, एक मुलाला आणि एक गावच्या घरातल्या भिंतीसाठी. ९९ डॉलर ८० सेंट झाले.

त्यानंतर एका दिवसाचे इंटरनेट घेतले, २९ डॉलरचे. त्यावरून काकांनी मुलीला व्हिडिओ कॉल केला आणि डायरी समोर धरून तिला सगळा हिशोब वाचून दाखवला. ती पलीकडून नुसती "बाबा, अहो बाबा" एवढेच म्हणत होती. मग मी त्यांना ज्या कॅफेवरून ते रोज नुसते पुढे जात होते तेथे बसवले. दोन कॉफींचे ११ डॉलर, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क धरून १२ डॉलर ९८ सेंट. बारच्या आणि कॅफेच्या बिलावर बहुतेक जहाजांत असे १८ ते २० टक्के चढतात, आणि क्रेडिटचा हिशोब करताना लोक नेमके तेवढेच विसरतात. जहाजावरची दुकाने करमुक्त असल्यामुळे बंदरात बंद ठेवावी लागतात, म्हणून व्हिक्टोरिया येण्याच्या आत नातवासाठी अस्वलाचे चित्र असलेला ५४ डॉलरचा लोकरी स्वेटर घेतला. शेवटच्या दिवशी दुकानांबाहेर टेबले मांडून घड्याळांची आणि दागिन्यांची विक्री चालू असते आणि उरलेले क्रेडिट घेऊन लोक तेथे गर्दी करतात. काकांनी त्या टेबलांकडे ढुंकूनही पाहिले नाही. नको असलेली वस्तू घेणे हा त्यांच्या मते दुसऱ्या प्रकारचा तोटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, उतरण्यापूर्वी, ते पुन्हा काउंटरवर आले. मी १०० आणि २२.४० असे दोन्ही वेगवेगळे मोजून त्यांच्या हातात दिले आणि छापील उतारा दिला. त्यांनी तो डायरीशी ताडून पाहिला, आधीच्या सहा दिवसांच्या उण्याच्या खुणांवर एकेक बारीक रेघ मारली आणि शेजारी 'जमा' असे लिहिले. २०० पैकी १९५.७८ खर्च झाले होते. उरलेल्या रकमेसाठी त्यांनी स्वतंत्र ओळ घेतली, 'बुडीत, ४.२२', तिच्याखाली सही केली, आणि पाकिटाला पुन्हा दोरा गुंडाळून काकूंना हात देत गँगवेकडे निघाले. काकूंच्या हातात फोटोंची सपाट पिशवी होती आणि ती वाकू नये म्हणून त्यांनी ती छातीशी धरली होती.