किंग ऑफ जाझ, हेडफोनमधून

मी ऑडिओ डिस्क्रिप्शनचं काम करते. म्हणजे अंध प्रेक्षकांसाठी पडद्यावर काय दिसतंय ते संवादांच्या मधे जी जागा मिळते तेवढ्यात बोलून सांगायचं. बहुतेक वेळा हे आधी रेकॉर्ड केलेलं असतं, पण कधीकधी थिएटरात लाईव्ह करावं लागतं, मागच्या छोट्या काचेच्या खोलीत माईकसमोर बसायचं, आणि ज्यांनी हेडफोन घेतलेत त्यांच्याच कानात माझा आवाज जातो, शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

शिकागोच्या एका उपनगरात जुने सिनेमे दाखवतात, तिथे एका रविवारी १९३० चा 'किंग ऑफ जाझ' होता. संयोजकांपैकी एकाचं म्हणणं असं की ह्यात गोष्टच नाही, नुसता देखावा आहे, अंध माणसाला ह्यातून काय मिळणार, त्यापेक्षा पुढच्या महिन्यातला एखादा भरपूर संवादांचा सिनेमा घ्या. मला हे अजिबात पटलं नाही. एक तर तो, ज्याला तेव्हा 'किंग ऑफ जाझ' म्हणायचे त्या बँडप्रमुख पॉल व्हाइटमनच्या ऑर्केस्ट्राचा सिनेमा आहे, त्यात जो व्हेनुटीचं व्हायोलिन आणि एडी लँगची गिटार आहे, रिदम बॉइज त्रिकुटात गाणारा कोवळा बिंग क्रॉसबी आहे, त्याचा हा पहिला मोठा सिनेमा. आणि दुसरं म्हणजे नुसता देखावा आहे म्हणून अंध माणसाला बाहेर ठेवायचं असेल तर मग आम्ही असतो कशाला?

पण काम अवघड होतं हे खरं. आमचा पहिला नियम असा की संवादावर आणि गाण्यावर बोलायचं नाही. आणि इथे तर एक गाणं संपलं की दुसरं, मधे एखादी छोटी विनोदी नक्कल, परत गाणं. दिग्दर्शक जॉन मरे अँडरसन हा ब्रॉडवेवर भव्य रेव्ह्यू, म्हणजे गाणी, नाच आणि नकलांचे कार्यक्रम, बसवणारा माणूस, युनिव्हर्सलने त्याच्या हातात पैसा दिला आणि त्याने तो पडद्यावर अक्षरशः ओतला. एक भलंमोठं स्क्रॅपबुक उघडतं आणि त्यातून एकेक नंबर सुरू होतो. लग्नाच्या गाण्यात लेसचा एवढा प्रचंड घुंगट की बघताना मोजमापच सुचत नाही. सुरुवातीला वॉल्टर लँट्झचं रंगीत कार्टून आहे, टेक्निकलर ह्या रंगीत फिल्मच्या पद्धतीतलं पहिलं कार्टून म्हणतात ते हेच, त्यात शिकारीला आफ्रिकेत गेलेल्या व्हाइटमनच्या डोक्यात नारळ बसतो आणि त्या टेंगळाचाच मुकुट होतो. मग खरा व्हाइटमन येतो, हातातली बॅग उघडतो आणि त्यातून बोटाएवढे वादक एकामागून एक बाहेर चढून येतात.

ह्या बॅगेच्या प्रसंगासाठी मी सगळ्यात जास्त तयारी केली होती. का, तर आमच्या कामात वेळ हेच सगळं असतं. मी दोन सेकंद उशिरा बोलले तर थिएटर हसून मोकळं होतं आणि हेडफोनवाले त्यानंतर हसतात, किंवा हसतच नाहीत, आणि त्या दोन सेकंदात त्यांना कळतं की आपण वेगळे बसलोय. आणि आधी बोलले तर मी गंमत फोडली. म्हणून नेमकं बॅग उघडता उघडता एवढंच म्हणायचं ठरवलं होतं की बॅगेतून एक माणूस बाहेर येतो, बोटाएवढा, हातात वाद्य. तसंच झालं आणि सगळं थिएटर एकदम हसलं, काचेतून मला पुढच्या रांगेतले हेडफोनवाले पाठमोरे दिसत होते आणि त्यांचे खांदे बाकीच्यांबरोबरच हलत होते. मला त्या दिवसातलं सर्वात मोठं समाधान तिथेच मिळालं.

आता रंगाचं सांगते. शोच्या आधी आम्ही हेडफोनवाल्यांना वीसेक मिनिटं माहिती देतो, पात्रं कशी दिसतात, कपडे, सेट वगैरे. जन्मापासून अंध असलेल्या एक बाई होत्या, त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की रंग गाळू नका, मी आयुष्यभर रंगांबद्दल ऐकत आलेय, मला ते हवेत. आणि नेमका हा सिनेमा रंगांच्या बाबतीत विलक्षण आहे. तेव्हाचं टेक्निकलर दोन रंगांचं होतं, कॅमेऱ्यात येणारा प्रकाश प्रिझमने विभागून लाल आणि हिरवा असे दोनच भाग फिल्मवर घ्यायचे आणि प्रिंटवर नारिंगीकडे झुकणारा लाल आणि निळसर हिरवा असे दोनच रंग चढवायचे. म्हणजे त्वचा छान येते, लाल छान येतो, पण खरा निळा येतच नाही. तिन्ही रंग धरणारी पद्धत १९३२ मधे डिस्नेच्या एका छोट्या कार्टूनमधे आली आणि पूर्ण लांबीचा सिनेमा तर १९३५ मधे. आणि इकडे १९३० मधे हे लोक चित्रित करायला निघाले काय, तर 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'! संगीतकार गर्शविनने ही रचना व्हाइटमनच्याच सांगण्यावरून केलेली, १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कमधे व्हाइटमननेच पहिल्यांदा वाजवलेली, ती वगळून व्हाइटमनचा सिनेमा होणंच शक्य नव्हतं. मग अँडरसन आणि कलादिग्दर्शक हर्मन रॉस बसले आणि वेगवेगळी कापडं, वेगवेगळे रंग कॅमेऱ्यासमोर धरून चाचण्या घेत राहिले, शेवटी मागचं सगळं राखाडी आणि चंदेरी ठेवलं तर समोरचा हिरवा मोरपंखी निळ्याचा भास देतो असं त्यांना सापडलं. रॉसला ह्या सिनेमासाठी कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं आणि माझ्या मते त्या एका भासासाठीच ते द्यायला हवं होतं.

म्हणून माहिती देताना मी स्पष्ट सांगितलं की तुम्ही ऐकणार आहात त्या निळ्या गाण्यात निळा रंग नाहीये, डोळस लोकांनाही तो दिसणार नाही, त्यांना जे दिसेल ते चंदेरीशेजारी ठेवलेलं हिरवट काहीतरी आहे आणि त्यांचं मन त्याला निळा समजून घेईल. टेबलावर मी चंदेरी जरीचं कापड, सॅटिन आणि लेस ठेवली होती, ती हातोहात फिरली. ज्यांची नजर वयाच्या तिशीत गेली असे एक गृहस्थ म्हणाले की मोरपंखी म्हटल्यावर मला लगेच दिसला, आणि त्या बाई म्हणाल्या की म्हणजे आज सगळेच ऐकीव निळ्यावर आहेत.

ऱ्हॅप्सडीवर मात्र मी फार कमी बोलले. क्लॅरिनेटची ती सुरुवातीची वर चढत जाणारी सुरावट चालू असताना तोंड उघडायचं पाप मी करणार नव्हते. सेट आधी सांगून ठेवला होता, एक राक्षसी पियानो, त्याच्या पट्ट्यांवर पाच वादक ओळीने. प्रत्यक्षात फक्त झाकण उघडतं त्या क्षणी म्हटलं, झाकण उघडतंय, आत अख्खा ऑर्केस्ट्रा बसलाय. बस.

आणि काही जागा अशा होत्या जिथे मला बोलायचंच काही नव्हतं. हा सिनेमा पुढे कापला गेला, विखुरला, २०१६ मधे युनिव्हर्सलने तो जुळवून पुन्हा उभा केला तेव्हा काही तुकड्यांचा आवाज मिळाला पण चित्र मिळालं नाही, तिथे फोटो लावलेत. तिथे मी सांगितलं की आता पडद्यावर नुसता एक स्थिर फोटो आहे, म्हणजे सगळं थिएटर आत्ता फक्त ऐकतंय.

सिनेमा संपल्यावर खरी परीक्षा झाली. शेवटचा नंबर 'मेल्टिंग पॉट', त्यात इटलीचे, स्कॉटलंडचे, आयर्लंडचे, स्पेनचे, रशियाचे असे जथेच्या जथे आपापली गाणी घेऊन येतात, एका अवाढव्य कढईत सगळे जातात आणि त्यातून जाझ तयार होतं. मी जे जे आले ते नावं घेऊन सांगितलं. त्यावर तेच गृहस्थ विचारायला आले की ऱ्हॅप्सडीच्या आधी व्हाइटमन स्वतः म्हणाला की जाझचा जन्म आफ्रिकेतल्या ढोलांवर झाला, मग कढईत आफ्रिका आली तेव्हा तुम्ही बोलला नाहीत का, की माझा हेडफोन बंद पडला होता?

हेडफोन नीट होता. कढईत आफ्रिका आलीच नाही. काळ्या अमेरिकन लोकांनी ज्या संगीताला जन्म दिला त्याच्या जन्मकथेत ते लोकच नाहीत, आणि आफ्रिकेच्या ढोलावर नाचतो तोसुद्धा जाक कार्टिए हा गोरा नर्तक, अंगभर काळा चकचकीत रंग लावून. तो रंग लावलेला आहे हे मी नाचाच्या वेळी सांगितलं होतं कारण ते दिसतं. पण जे दिसत नाही ते सांगायची आमच्यात पद्धत नाही, दिसेल तेच बोला, मत देऊ नका असंच शिकवतात. मी त्यांना तिथल्या तिथे सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलत उभे राहिले, तरुणपणी स्वतः क्लबमधे ट्रॉम्बोन वाजवायचे आणि काळ्या वादकांकडून शिकले होते, त्यांना राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. डोळस प्रेक्षकाला ती रिकामी जागा डोळ्यांनी दिसू शकते, निदान शोधता येते. ऐकणाऱ्याला मात्र माझं राहून गेलं की सिनेमाचं, हे कळायला काही मार्ग नाही. तेव्हा आता माझ्या स्क्रिप्टमधे कढईच्या आधीच्या माहितीत एक वाक्य घातलंय की पुढे येणारे सगळे युरोपातले आहेत, आफ्रिकेचं कोणी नाही. हे मत नाही, जे पडद्यावर आहे त्याचीच यादी आहे, आणि कोणी नियम दाखवला तर मी ह्यावर भांडायला तयार आहे.

हा सिनेमा मे १९३० मधे आला तेव्हा मंदी सुरू झाली होती आणि लोक गाण्यांच्या सिनेमांना विटले होते, त्यामुळे तो आपटला. आपल्याकडे आलम आरा १४ मार्च १९३१ ला लागला, वर्षभराच्या आतच, आणि आपण गाणी कधी सोडलीच नाहीत. म्हणून विचारते, मराठी किंवा हिंदी सिनेमांचं हे काम करणारं इथे कोणी असेल तर प्लीज लिहा, गाणं चालू असताना तुम्ही नेमकं कुठे बोलता? दोन कडव्यांच्या मधल्या म्युझिकमधे, की सगळं आधीच सांगून टाकता? आणि लावणीत ढोलकीवर बोलायचं धाडस कोणी केलंय का?