ट्रेलरला कुलूप, पण नेमकं कुठं?

इकडे अमेरिकेत ट्रेलर घेतला की लोक हिचला, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीला, लॉकवाली पिन लावतात आणि निवांत होतात, पण ती पिन फक्त बॉल माउंट (ट्रेलर अडकवायचा बॉल असलेला दांडा) गाडीला धरून ठेवते, ट्रेलर सोडवून दारात उभा केला की तिचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा लागतं कपलर लॉक, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, कपलरमध्ये, बॉल बसतो त्या खोबणीतच लोखंडी गोळा घालून कुलूप, मग दुसऱ्याचा बॉल आत जातच नाही. बॉलची साइज बघून घ्या हां, २ इंच की २ ५/१६, बहुतेक कपलरवरच कोरलेलं असतं. तरी पक्का चोर साखळी गुंडाळून ओढून नेतोच, म्हणून मी चाकालाही क्लॅम्प लावतो, बायको म्हणते ट्रेलरपेक्षा कुलपंच महाग! आणि व्हीआयएन नंबरचा, म्हणजे ट्रेलरच्या ओळख क्रमांकाचा, फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पोलिसांत तक्रार द्यायला लागतो.