वहिनींचं बोरन्हाण

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतला एक रविवार ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या महिला मंडळात बोरन्हाणाचा असतो. लहान मुलांना तीळ-साखरेच्या हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, कुरमुरे सोडायचे, तो हा सोहळा. ज्या वहिनींनी हे सुरू केलं त्या ऐन तारुण्यात, दोन लहान मुलं मागे ठेवून आजारपणात गेल्या. बोरन्हाण अजून त्यांच्याच पद्धतीने होतं. त्यात घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम असतं, आणि वहिनींची माया होती ती अशीच. घरातलं कुणी बाजूला पडलेलं त्यांना खपायचं नाही.

दागिन्यांचंच बघा. हलवा चिकटवायचा नाही, बांधायचा, हा त्यांचा नियम. बाळ हार तोंडात घालणारच, मग त्यात डिंक कशाला? सुई टोचली की दाणा फुटतो, म्हणून जाड सुती दोरा दुहेरी घ्यायचा, दोन पदरांत दाणा धरायचा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारायची. गाठ सैल पडली तर दाणा निसटतो, फार आवळली तर दोरा दाण्यावरचा काटा मोडतो. दोरा धरायचं काम आजोबांचं, गाठी आजीच्या, मुकुटाचा पुठ्ठा बाबांनी कापायचा. डोक्याचा घेर वहिनी स्वतः टेपने मोजायच्या. वर्षाच्या बाळाचा साधारण 46 सेंटीमीटर, पाच वर्षांच्या मुलाचा 50 च्या आसपास. मुकुट मागून बंद करायचा नाही, तिथे नाडी ठेवायची. घट्ट मुकुटाने मूल रडायला लागलं की पुढचं सगळंच बिनसतं.

थोडा हलवा त्या घरीही करायच्या. एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची. परातीत तीळ, खाली अगदी मंद आच, चमचा-चमचा पाक घालत बोटांनी हलवत राहायचं. आधीचा पाक सुकायच्या आत दुसरा चमचा पडला की गोळे होतात. आच वाढली की आलेला काटाही विरघळतो. ठाण्याच्या दमट हवेत हे काम पहाटेच्या गारव्यात करावं लागतं, आणि तरी तीन-चार दिवस जातात.

बोरं जांभळी नाक्यावरून आणायची, ती लहान गावठी. मोठं अ‍ॅपल बोर डोक्यात बसलं तर लागतं. दहा मुलांना दीड किलो बोरं, अर्धा किलो कुरमुरे, किलोभर हरभऱ्याचे घाटे आणि बोटाच्या पेराएवढे, सोललेले उसाचे करवे पुरतात. कुरमुरे जास्तच हवेत, ते पडतात हलके आणि मुलांना त्यांचीच मजा वाटते. लिमलेटच्या गोळ्या वहिनींनी पहिल्यापासून बाद केल्या होत्या, घशात अडकतात म्हणून. पाटाखाली जुनी सुती चादर अंथरायची. मोठी मुलं वेचायला धावतात तेव्हा बसलेलं बाळ बोर किंवा हरभरा तोंडात घालतं, म्हणून पाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठं माणूस हवंच.

औक्षण आईने करायचं, पण पहिली ओंजळ आजीची. आजोबा नसलेल्या आजी हळदीकुंकवाला मागे बसतात, त्यांना वहिनी हाताला धरून पुढे आणायच्या. आमच्या मते या सोहळ्यातलं हे सर्वांत मोलाचं. मग आत्या, मावशी, काका, शेवटी भावंडं. ओंजळ वीतभर उंचीवरूनच सोडायची, आणि तीही डोक्यावरून मागच्या बाजूला, म्हणजे डोळ्यांना काही लागत नाही.

त्यांच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे डोक्याचा घेर आणि त्याखाली घरातल्या माणसांची यादी आहे. कोण गावाला असतं, कुणाला जिना चढवत नाही, कुणाला न्यायला जायचं. यादी आताही तशीच लिहितो. मुलांची नावं डिसेंबर संपायच्या आत कळवावीत, दागिने बांधायला पंधरा दिवस लागतात.