पीसीतली चीं, स्पीकरमधली घूं आणि अर्थिंगची न जोडलेली वायर

स्वतः पार्ट आणून जोडलेल्या पीसीतून विचित्र आवाज यायला लागला की बहुतेक जण थेट दुकानात फोन लावतात, तिकडून उत्तर येतं पॉवर सप्लाय बदलून बघा, आणि तिथून खर्च सुरू होतो. माझं म्हणणं असं की आधी तो आवाज कशामुळे बदलतो ते बघा. आवाज कसा आहे हे शब्दांत सांगणं अवघडच, एकाची चीं ती दुसऱ्याची किर्र, पण गेम चालू केला की वाढतो का, माऊस हलवला की येतो का, लाईट गेल्यावर यूपीएसवर असतानाच येतो का, एखादी वायर काढली की थांबतो का, याची उत्तरं कुणालाही देता येतात आणि निम्मं निदान तिथेच होऊन जातं.

आमच्या पुण्यातल्या जुन्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये मी पीसी जोडला तेव्हा दोन आवाज एकाच वेळी होते. एक कॅबिनेटमधून बारीक चींऽऽ, आणि दुसरी स्पीकरमधून सतत घूं, तिच्यावर मधेमधे चिरचिर. दोन्ही एकदम ऐकू आले की एकच काहीतरी बिघडलंय असं वाटतं, पण तसं नसतं, म्हणून पहिलं काम म्हणजे ते वेगळे करायचे. स्पीकरचा पॉवर बंद केला, घूं गेली, चीं तशीच राहिली. म्हणजे विषय दोन आहेत.

आधी चीं घेतो कारण ती सोपी आहे. वर्तमानपत्राची लांब सुरळी करायची, एक टोक कानाला आणि दुसरं टोक कॅबिनेटची साईड उघडून आतल्या एकेका पार्टजवळ न्यायचं (कशाला टेकवायचं नाही, पंख्यात तर अजिबात नाही). एवढ्या साध्या गोष्टीने कळतं की आवाज पॉवर सप्लायचा आहे, ग्राफिक्स कार्डचा आहे की मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी जे चौकोनी करडे ठोकळे असतात त्यांचा. पंख्यांचा संशय असेल तर बायोसमधून (पीसी सुरू होतानाच उघडायचा सेटिंगचा स्क्रीन) त्यांचा स्पीड कमी-जास्त करून बघायचा, आवाज सोबत बदलला तर पंखा, नाहीतर पंखा सुटला. माझ्याकडे आवाज ग्राफिक्स कार्डाजवळ आणि तोही गेमच्या मेनूमध्ये सगळ्यात मोठा, प्रत्यक्ष गेममध्ये कमी. हे ऐकून लोक चक्रावतात, मेनूत तर काहीच काम नसतं ना? उलट आहे. मेनूतलं चित्र इतकं सोपं असतं की मर्यादा घातली नसेल तर कार्ड सेकंदाला शेकडो, कधी हजाराच्याही वर फ्रेम काढत बसतं, आणि प्रत्येक फ्रेमला त्याचा करंट वर-खाली होतो.

आता त्यात आवाज कुठून येतो? कार्डावर १२ व्होल्ट येतात आणि चिपला लागतो साधारण १ व्होल्ट, पण करंट मात्र भरपूर, मोठ्या कार्डात शेकडो अ‍ॅम्पिअर. हे काम करणाऱ्या सर्किटमध्ये छोट्या कॉइल असतात, ज्यांना दुकानात चोक म्हणतात. त्यांच्यातून जाणारा करंट बदलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तांब्याचे वेढे आणि मधला कोअर अगदी किंचित थरथरतात. सर्किटचं स्विचिंग सेकंदाला लाखो वेळा चालतं, ते आपल्या कानाच्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेच्या कितीतरी वर, त्यामुळे ते ऐकू येत नाही, पण लोड वर-खाली होण्याचा वेग बरोबर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतो. शिवाय बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटर असतात ना, तेही व्होल्टेज बदललं की आकुंचन-प्रसरण पावतात आणि खालची पाटी वाजवतात. याला सगळे कॉइल व्हाइन म्हणतात. त्याने कार्ड खराब होत नाही आणि म्हणूनच बऱ्याचदा वॉरंटीत ते दोष म्हणून धरलंही जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मी फ्रेम रेटला मॉनिटरएवढी मर्यादा घातली आणि कार्डाचं व्होल्टेज थोडं खाली आणलं (याला अंडरव्होल्टिंग म्हणतात), मेनूतली चीं गेलीच, गेममध्ये राहिली ती पंख्यांच्या आवाजात बुडते. काही जणांना पीसी नुसता बसलेला असताना किंवा पान स्क्रोल करताना चिर्र येते, तिथे प्रोसेसर झोपतो-उठतो त्याचा संबंध असतो, बायोसमध्ये सी-स्टेट बंद करून बघितलं तर खात्री होते, पण फक्त खात्रीपुरतंच करा, कायम बंद ठेवलं तर वीज उगाच जाते.

आता घूं. मला खरं लिहायचंय ते या घूंबद्दल.

माझे स्पीकर तीन पिनचे, समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटवर, पीसी आणि मॉनिटर या भिंतीवर एक्सटेन्शन बोर्डावर. फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं फुकटचं अ‍ॅप असतं, त्यात ५०, १००, १५० हर्ट्झला सुळके दिसले, म्हणजे घूं सरळ घरातल्या विजेतून येतेय कारण आपली वीज ५० हर्ट्झची. मग पीसीच्या मागच्या त्याच जॅकला स्पीकर काढून हेडफोन लावला, एकदम स्वच्छ. ही टेस्ट मला फार आवडते. हेडफोन दुसऱ्या कशालाच जोडलेला नसतो, त्यामुळे त्यातही घूं आली तर गडबड पीसीच्या आत, आणि हेडफोन स्वच्छ पण स्पीकर वाजतोय तर गडबड दोन वस्तूंना जोडणाऱ्या वायरमध्ये, म्हणजे अर्थच्या रस्त्यात. (पुढच्या पॅनेलच्या जॅकवरच चिरचिर येत असेल तर ती बहुधा कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाशेजारून जाणाऱ्या बारीक ऑडिओ वायरची असते, मागचा जॅक वापरा, झालं.)

आणि त्याच वेळी, स्पीकरची ऑडिओ पिन काढलेली असताना, दुसरा हात कॅबिनेटच्या पत्र्याला लागला आणि बोटात बारीक झिणझिण्या आल्या. पिन पुन्हा लावली की झिणझिण्या गायब. टेस्टर लावला, पिन काढली की पेटतो, लावली की विझतो.

यातच सगळं उत्तर होतं. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, बाहेर जाणारा इलेक्ट्रिकल गोंगाट अर्थमध्ये सोडायला. हे डिझाइनच आहे, बिघाड नाही. पण सॉकेटला अर्थच नसेल तर पत्रा मधल्यामध्ये लटकतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण एकाच बोर्डावर मॉनिटर, पीसी, प्रिंटर लटकवले की सगळ्यांचा मिळून वाढतो. आणि माझ्याकडे तो करंट जमिनीकडे जायला रस्ता शोधत ऑडिओ वायरच्या जाळीतून समोरच्या भिंतीवरच्या स्पीकरच्या अर्थमध्ये जात होता. तीच घूं. म्हणजे स्पीकरची ती बारीक वायर माझ्या पीसीची अर्थिंग बनली होती.

इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. विचारलं, "काका, या सॉकेटला अर्थिंग आहे ना?" तर म्हणाले, "आहे की, थ्री पिन आहे." मी म्हटलं एकदा मीटर लावून बघाच. फेज ते न्यूट्रल २३० च्या घरात, बरोबर. फेज ते अर्थसुद्धा जवळपास तेवढंच यायला हवं आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट. आलं काय, तर दोन्हीकडे निम्मं-निम्मं. काकांनी मेन बंद करून सॉकेट उघडला, हिरवी वायर आत टेप गुंडाळून दुमडून ठेवलेली. "अहो, जोडलेलीच नाहीये हो ही," काका स्वतःच अस्वस्थ झाले आणि मग न सांगता बाकीच्या खोल्यांतले सॉकेटही बघायला लागले. वायर जोडली, झिणझिण्या बंद, घूं जवळजवळ बंद. थोडीशी चिरचिर राहिली माऊस हलवल्यावर, कारण आता दोन वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थचा लूप तयार झाला होता (दोन्हीकडची अर्थ आणि मधली ऑडिओ वायर मिळून एक बंद गोल रस्ता), स्पीकरची वायर ओढून पीसीच्याच बोर्डावर घेतली आणि तीही गेली. हे जमत नसेल तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावतात किंवा ऑप्टिकल केबल वापरतात, त्यात तांबंच नाही म्हणून लूप होतच नाही.

इथे कळकळीने सांगतो, इंटरनेटवर काही जण घूं घालवायला स्पीकरची किंवा पीसीची अर्थची पिन तोडायला सांगतात. घूं जाते, हे खरंय. पण उद्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर एमसीबी पडणार नाही आणि तो पत्रा तुमच्या पोराच्या हाताची वाट बघत बसेल. कृपा करून करू नका. आणि पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर ४०० व्होल्टच्या जवळ चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो.

यूपीएसचं थोडक्यात: गुरुवारी लाईट गेली आणि पॉवर सप्लाय गुरगुरायला लागला तर घाबरू नका, स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात, साईन वेव्ह नाही, त्याचा तो आवाज. काम सेव्ह करून बंद करा. पण भिंतीतल्या सॉकेटमधून तडतड येत असेल किंवा जळका वास येत असेल तर ऐकत बसू नका, मेन बंद करा, सॉकेट सैल होऊन आत ठिणग्या पडत असतात.

काकांना स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागेही हिरवी वायर तशीच दुमडलेली सापडली, गीझरची अजून बघायची आहे. रविवारी ते येतायत, सोबत ३० मिलिअ‍ॅम्पची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) घेऊन, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनीही त्यांचे सॉकेट बघून जायला सांगितलंय.