बूम पंपाचा चौथा पाय

गावच्या घराचा स्लॅब टाकायचा ठरला तेव्हा माझी सगळी काळजी सळया, सेंट्रिंग आणि पावसाची होती. मशीन कुठे उभं राहणार, हा प्रश्न डोक्यात आलाच नव्हता. घर बांधणाऱ्या, विशेषतः भरावाच्या जागेवर बांधणाऱ्या प्रत्येकाने तो आधी विचारावा, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात. पुढच्या बाजूला जांभा कातळ, मागे जुना कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, भरून केलेली जागा. स्लॅब 1100 चौरस फुटांचा, बीम धरून 18 घनमीटर काँक्रीट, म्हणजे आरएमसीच्या, कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या, तीन गाड्या. वाट अरुंद, माणसं कमी, म्हणून बूम पंप बोलावला. ट्रकवर बसवलेला, घडीचा लांब हात असलेला. तो हात उघडायच्या आधी ट्रकच्या बाजूंनी चार पाय बाहेर काढतात आणि हायड्रॉलिकने जमिनीवर दाबतात. ऑपरेटर त्यांना ‘जॅक’ म्हणतात.

सकाळी सातला मशीन आलं. मागच्या अंगणात उभं करून ऑपरेटरदादांनी पाय काढले. माझे मामा बाजूला उभे होते. त्यांची सगळी हयात मासेमारीत गेली. पाय बाहेर सरकताना बघून म्हणाले, “गो, ही उलांडीच मगे! पण होडयेक पाण्याचो आधार, पाणी काय खचणा नाय. हेका खाली कोणाचो आधार?”

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी बांधलेला पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका. होडी त्याच्याकडे कलली की पाणी ओंडक्याला वर ढकलतं, उलट बाजूला कलली की ओंडक्याचं वजन तिला मागे खेचतं. अरुंद होडी एवढ्याशा आधारावर लाटेत उभी राहते.

मामांनी पहार उचलली आणि मागच्या उजव्या पायाशी रोवली. जोर न लावता हातभर आत गेली. तिथून चार फुटांवर डिसेंबरात सेप्टिक टाकीचा पाच फूट खोल चर खणून नुसता माती लोटून बुजवला होता. पाणी मारलेलं नाही, धुमस केलेली नाही. कंत्राटदाराला हे ठाऊक होतं, त्याने ऑपरेटरला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण सांगण्याजोगं काही आहे हेच मला कळलं नव्हतं.

ऑपरेटरदादांनी पायाखाली दोन फळ्या घातल्या आणि हात थोडा उघडून त्या कोपऱ्यावर फिरवला. पायाच्या टोकाचा तळवा माझ्या डोळ्यांदेखत कलला. एक कड चार बोटं खाली, फळी मधोमध वाकलेली, आणि चराच्या काठाची माती भेगाळून आत घसरायला लागलेली. त्यांनी लगेच हात मिटला आणि म्हणाले, “ताई, आज नाही होणार.” पहिली गाडी तोवर वाटेत होती. काँक्रीट दोन तासांच्या आत वापरायला लागतं. ते कुंपणाच्या पायाभरणीत ओतून घेतलं, उरलेल्या दोन गाड्या फोन करून थांबवल्या. त्या माणसाने तेव्हा ‘बघू, जमेल’ म्हटलं असतं तर सेंट्रिंगवरच्या सात जणांचं काय झालं असतं, हा विचार अजून झोपेत येतो.

दुपारी त्यांनी मला पायावर रंगवलेला आकडा दाखवला. त्या पायावर येणारा जास्तीत जास्त भार: सुमारे 200 किलोन्यूटन, म्हणजे 20 टन. मी शाळेत विज्ञान शिकवते, तिथेच खडूने मांडलं. तळवा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, म्हणजे सव्वादोन चौरस फूट. दर चौरस फुटावर जवळजवळ 9 टन! तेच वजन चार बाय चार फुटांच्या मजबूत बैठकीवर पसरलं तर सव्वा टन. शिवाय चारही पायांवर भार सारखा नसतो. हात ज्या कोपऱ्याकडे वळेल त्या पायावर सर्वाधिक, त्याच्या तिरक्या समोरचा हलका. म्हणून मशीन नुसतं उभं आहे तोवर सगळं ठीकच दिसतं.

त्यांचा ठोकताळा असा: खड्डा जितका खोल तितकं तरी अंतर सोडायचं, जमीन भरावाची असेल तर दुप्पट. आमच्या चरापासून दहा फूट हवे होते. तेवढं पुढे यायला फाटकाचा एक चिऱ्याचा खांब आड येत होता. आदल्याच वर्षी बांधलेला. पाडला.

दोन दिवस गेले. चारही पायांच्या जागा फक्कीने आखल्या, प्रत्येक ठिकाणी पहार रोवून पाहिली. पुढच्या दोन जागी ती खण्णकन वाजली, कातळच. मागे माती दोन फूट उकरून जांभ्याचे तुकडे आणि मुरूम सहा-सहा इंचांचे थर देत, पाणी मारत, धुमसाने चोपला. वर वाळू पसरून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर एकमेकांना आडवे दोन थरांत रचले. वाळू का, तर बैठक सगळीकडून टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर लाकूड तिथेच मोडतं.

तिसऱ्या दिवशी मी स्लॅबवर चढलेच नाही. मागच्या उजव्या पायाशेजारी खुंटी रोवली, तिच्या माथ्याच्या पातळीला स्लीपरवर खडूची रेघ ओढली आणि तिथेच बसले. हात त्या कोपऱ्यावर आला तेव्हा लाकूड करकरलं, रेघ अर्धं बोट खाली आली आणि थांबली. पुढचे तीन तास ती तिथेच होती. ऑपरेटरदादा रिमोट गळ्यात अडकवून अधूनमधून माझ्याकडे बघायचे, मी हात वर करायची.

संध्याकाळी आधी हात मिटला, मग पाय उचलले. पुढे जमिनीवर ओरखडादेखील नव्हता. मागे दोन चौकोन उमटले होते, उजवा जरा खोल. मामांनी त्यात बोटं घालून पाहिली आणि मान हलवली.

रात्री मी घराच्या नकाशावर चर, टाकी आणि नळाची लाइन मोजमापांसह काढली, भरावाची कड तांबड्या पेनाने दाखवली. वरचा मजला होईल तेव्हा येणाऱ्या ऑपरेटरच्या हातात हा कागद आधी द्यायचा. तो मीटरच्या पेटीशेजारी लावून ठेवला आहे.