विंगेतला उजेड

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

भाड्याने आणलेली लेन्स उद्या संध्याकाळी परत द्यायचीये आणि मी अजून ती कॅमेऱ्यावरून काढलेली नाही. कॅननची आरएफ ५० एमएम एफ १.२. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त.) माझ्याकडे ५० एमएमच आहे, एफ १.८ वाली, चार वर्षं तीच वापरतोय, १६० ग्रॅमची आहे, गळ्यात कॅमेरा आहे हेही विसरायला होतं. ही ९५० ग्रॅम. आणि किंमत साधारण दहा पट. सहा महिने नुसते रिव्ह्यू बघतोय, रोज रात्री झोपताना तेच, शेवटी ठरवलं की बास, दोन दिवस भाड्याने आणायची आणि मला जिथे वापरायचीये तिथेच नेऊन बघायची.

म्हणून आज सदाशिव पेठेत, ओळखीच्या मुलांच्या एकांकिकेच्या रंगीत तालमीला गेलो. पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, तयारी चाललीये त्यांची. जुलैचा पाऊस, हॉलच्या दारात चपलांचा आणि ओल्या छत्र्यांचा ढीग, आत पंखे बंद कारण संवाद ऐकू येत नाहीत. ज्याने कधी पुरुषोत्तम केलंय त्याला हे सांगायला नको. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा घेतंय, आणि इतक्या वर्षांत भरत नाट्य मंदिरच्या विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाला, किती पोरं अंधारात श्वास धरून उभी राहिली असतील. मी पण राहिलोय, दोन वर्षं प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, बघायचो.

तर स्टेजवर पहिला अर्धा तास काढला आणि खरं सांगायचं तर लेन्सचा काही फरकच पडला नाही. लाइट लागलेले असतात, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ला एफ २.८ वर सेकंदाच्या १/२०० चा शटर स्पीड मिळतो, त्यात दोन पात्रं पुढेमागे उभी असली की उलट अ‍ॅपर्चर, म्हणजे ते भोक, लहान करावंच लागतं. दोन मीटरवरून एफ १.२ उघडलं तर जेमतेम ११-१२ सेंटीमीटर शार्प राहतं, आई शार्प आणि मागे उभा मुलगा धूसर, आणि नाटक तर त्या दोघांच्या मधे घडतंय! तेव्हा मनात म्हटलं, चला, दोन लाख वाचले.

मग ब्लॅकआउट झाला आणि मी विंगेत शिरलो.

तिथे निळा जिलेटिन कागद गुंडाळलेला एक छोटा बल्ब, बाकी काही नाही. त्याच्या खाली एक मुलगा बसला होता, मांडीवर कंदील, एका हाताने काच धरलेली, वाजू नये म्हणून. पुढच्या एन्ट्रीला तो कंदील द्यायचा होता. आणि तो स्टेजवरच्या पोरीचे सगळे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणत होता, तिच्या पॉजसकट. कुणी बघत नाहीये असं त्याला वाटत होतं.

आधी माझी १.८ लावली. आयएसओ १२८०० ला १/४०. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आपला हात हलला तर सांभाळतं, पण समोरच्याचे ओठ हलतायत त्याला ते काय करणार, चेहरा पुसल्यासारखा आला. मग अंधारात चाचपडत लेन्स बदलली. एफ १.२ म्हणजे ५० ला १.२ ने भागा, जवळजवळ ४२ मिलिमीटरचं भोक, माझ्या लेन्सचं २८ च्या आसपास. उजेड सव्वादोन पट. त्याच आयएसओला १/८० मिळालं. ऐकायला काहीच वाटत नाही ना, ४० चे ८०. पण त्या ८० मधे त्याचे ओठ थांबले. 'ये' म्हणताना जसे असतात तसेच.

फोकस खूप चुकले हेही लिहून ठेवतो. मीटरभर अंतरावर तीन सेंटीमीटरसुद्धा शार्प नसतं, डोळा धरला तर कान गेला, तो जरा पुढे वाकला की डोळापण गेला. बावीस फोटोंतले सहा बरे. पण १.८ चा एकही नाही.

घरी आल्यावर बायकोला दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवले, कुठला कशाचा ते न सांगता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा काहीतरी बोलतोय." एवढंच. तिने १.२ वाल्यावर बोट ठेवलं होतं. मग जरा वेळाने, "तुमच्या ग्रुपच्या फोटोंत तू कुठेच नसतोस ना रे, सगळे मेकअपवाले असतात." खरंय. आमच्या दोन्ही वर्षांचे स्टेजचे फोटो आहेत, विंगेतला एकही नाही, कारण तिथे तेव्हा कुणाच्या कॅमेऱ्यात काही उमटलंच नसतं.

म्हणजे मला मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स हवीये, आणि ती स्टेजसाठी नाही, या दोन विंगांसाठी हवीये, हे आज पक्कं झालं. मागचं धूसर किती छान येतं वगैरेशी मला घेणंदेणं नाही. नवी कोरी मात्र जमणार नाही, सेकंडहँड बघणार, आणि ती टॉर्च मारून आतली बुरशी तपासल्याशिवाय अजिबात नाही, पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सवर माझा विश्वास नाही.

एकच शंका राहिलीये. २०२४ मधे कॅननने ५० चीच एफ १.४ आणलीये, ५८० ग्रॅम, १.२ पेक्षा बरीच स्वस्त. हिशोबाने विंगेत १/६० मिळायला हवं. ते पुरेल का? उद्या सकाळी नऊला परत तालीम आहे. ही लेन्स १.४ वर ठेवून त्याच बल्बखाली बसतो. त्या कंदीलवाल्या मुलाला मेसेज केलाय की तू कंदील घेऊन तिथेच बस, माझ्याकडे बघू नकोस.